टाचा पाहणाऱ्या मेजरबाई

तोफेचा आवाज आमच्या घरात आधी काचांना कळतो, मग कानांना. देवळालीच्या बाजूला सराव सुरू झाला की पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या वसाहतीतली तावदाने बारीक शहारतात, फडताळातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना हलकेच खेटतात, आणि मग जमिनीखालून चालत आल्यासारखा तो जड, गोल, दूरचा नाद येऊन पोचतो. इथे वाढलेल्या माणसांना त्याचे काही वाटत नाही, पाहुणे तेवढे दचकतात. मला मात्र त्या आवाजाबरोबर हटकून एक वास येतो. दवाने भिजलेल्या काथ्याच्या दोराचा. किंचित आंबूस, किंचित गोडसर. माती, गोणपाट आणि माणसांचे तळहात यांचा मिळून झालेला. तो वास मेजरबाईंचा.

मेजरबाई म्हणजे निवृत्त मेजर नलिनी देवकर. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्या राहायला आल्या तेव्हा टेम्पोतून काळ्या पत्र्याच्या ट्रंका उतरल्या. ट्रंकांवर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव होते, आणि नावाखाली एकावर एक रंगवून पुसलेली किती तरी गावे. बाकी सामान बेताचेच: लोखंडी खाट, पुस्तकांची खोकी, तुळशीची कुंडी आणि दोरांची मोठमोठी वेटोळी. शेजारच्या आजींनी गॅलरीतून विचारले, एवढा दोर कशाला हो. "माणसं बांधायला, आजी," असे उत्तर खालून आले. आजी त्या दिवसापासून त्यांच्या बाजूने झाल्या.

सैन्यातली बाई म्हटल्यावर वसाहतीने मनाशी एक चित्र रंगवून ठेवले होते. उंच, करड्या आवाजाची, फरशी वाजवत चालणारी. प्रत्यक्षात आल्या त्या ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, गळ्यातल्या दोरीला चष्मा अडकवलेल्या. आवाज इतका खालच्या पट्टीतला, की तो ऐकण्यासाठी समोरच्याला स्वतःचे बोलणे थांबवावे लागे. हे त्यांनी ठरवून केलेले होते, असे पुढे माझ्या लक्षात आले.

स्त्रियांसाठी सैन्याचे दार नुकते किलकिले झाले होते त्या काळात आत शिरलेल्या, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे ठरावीक वर्षांनी बाहेर पडावे लागलेल्या पिढीतल्या त्या. काम रसद-पुरवठ्याचे. डोंगरातल्या ठाण्यांवर धान्य, रॉकेल, भाज्या पोचवणाऱ्या गाड्यांचे ताफे नेण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. गणपतीच्या मांडवात एकाने मोठ्या उत्साहाने विचारले, मॅडम, तुम्ही युद्धात गोळी चालवली का? मेजरबाईंनी प्रसादाची वाटी खाली ठेवली.

"मी बटाटे पोचवले," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "वेळेवर."

विचारणाऱ्याचा चेहरा पडला. मला मात्र त्या 'वेळेवर'मध्ये एक अख्खा घाट ऐकू आला: दरडी, धुके, बंद पडलेली इंजिने, हातावर फुंकर घालत बसलेले ड्रायव्हर.

त्यांना भावना दाखवता येत नसे, किंवा त्यांनी ती सवय जाणूनबुजून मोडली असावी. पण एक खूण होती. मनात काही दाटून आले की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा नकळत सलवारीच्या शिवणीवर जाऊन टेके आणि हात मांडीशी सरळ होई. सावधान. बाकी शरीर चहा पीत असे, हसत असे, भाजीवाल्याशी घासाघीस करत असे. अंगठा तेवढा कवायतीला उभा राही. पुढे पुढे मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणे सोडून अंगठ्याकडे पाहायला शिकले.

त्यांचा एक लाडका प्रश्न होता: "कोण राहिलं?" लग्नाच्या पंगतीत, सहलीच्या बसमध्ये, वसाहतीच्या सभेत, कुठेही तो यायचा. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे टँकर सुरू झाले. ज्याचा आवाज मोठा त्याचा पाइप आधी, हा अलिखित नियम. मेजरबाई एक बादली घेऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहत, कोणाशी वाद घालत नसत, नुसत्या बघत. मग एका संध्याकाळच्या सभेत, सगळ्यांच्या तक्रारी संपल्यावर, त्यांनी विचारले, "कोण राहिलं?" आम्हाला वाटले, बोलायचे कोण राहिले. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजी-आजोबांबद्दल विचारत होत्या. आजोबांचे हात कापत, आजींना धक्काबुक्की सोसत नसे, म्हणून दोघांनी खाली येणेच थांबवले होते आणि भांडी घासायलासुद्धा ते विकतच्या पाण्याच्या जारवर दिवस काढत होते. आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हते.

सेक्रेटरी चिडले. "मॅडम, ही वसाहत आहे, छावणी नव्हे."

"खरंय," मेजरबाई म्हणाल्या, "छावणीत सगळ्यांना पाणी मिळतं."

बोलण्यात इतका निर्मळ सूर होता, की सेक्रेटरींनाच हसू फुटले. दुसऱ्या दिवशी पहिला पाइप तिसऱ्या मजल्यावर गेला, आणि तो वर चढवायला सेक्रेटरी स्वतः जिन्यात उभे होते.

आमच्या वसाहतीमागे, पांडवलेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून पसरलेले एक मोकळे मैदान आहे. तिथल्या कडुनिंबाखाली मेजरबाईंनी दोर, फळ्या, बांबू आणि रिकामी पिंपे आणून ठेवली, आणि पहाटे तिथे मुली जमू लागल्या. सैन्यात अधिकारी व्हायचे तर एका निवड मंडळासमोर काही दिवस राहावे लागते. लेखी चाचण्या असतात, मुलाखत असते, फळ्या आणि दोर वापरून गटाने पार करायचे अडथळे असतात, आणि शेवटच्या दिवशी एकेकीला पूर्ण मंडळासमोर काही क्षण बोलावतात. माणसाचा स्वभाव अधिकाऱ्याचा आहे की नाही, एवढेच तिथे पाहिले जाते. शहरात त्याचे भरपूर क्लास आहेत. मेजरबाईंच्या मैदानाला मात्र नाव नव्हते, पाटी नव्हती. येताना प्रत्येकीने स्वतःच्या डब्याखेरीज एक जास्तीची भाकरी आणायची, एवढाच दंडक.

मी तिथे कशी गेले? मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. दोराला गाठ मारायची म्हटली तर माझ्या हातून ती सुटतेच. पण एकदा मेजरबाई दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही कवितेच्या आहात. खोटा शब्द तुम्हाला ऐकू येत असेल. मुली बोलतील तेव्हा बसून ऐका, आणि खोटं वाटलं तर मला सांगा." तेव्हापासून मैदानाच्या कडेच्या बसक्या भिंतीवर माझी जागा ठरली. चहाचा थर्मास, शाल आणि मी. त्यांच्या पलटणीच्या काठावरची एक श्रोती.

सुवर्णा आली ती हिवाळ्यात. चांदवडजवळच्या खेड्यातली, कांदे पिकवणाऱ्या घरातली, सडपातळ, काटक, डोळ्यांत कायम घाई असलेली मुलगी. मंडळापुढून ती अनेकदा परत आली होती, दर वेळी शेवटच्या दिवशी. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती. वडिलांनी गावाला आधीच सांगून टाकले होते, की पोरगी ऑफिसर होणार. त्यामुळे पारावरून जाताना कोणी ना कोणी हटकून विचारी, "काय मग, साहेब कधी?" घरी जायचे म्हणजे त्या पारावरून जायचे. तिने घरी जाणेच कमी केले होते.

पहिल्या दिवशी तिने पिशवीतून एक रंगीत तक्ता काढला. अधिकाऱ्याच्या अंगी असावेत असे सगळे गुण त्यावर क्रमाने छापलेले: आत्मविश्वास, पुढाकार, निर्णयशक्ती, धैर्य, आणखी कितीतरी. पूर्वीच्या क्लासमध्ये तो तोंडपाठ करून घेतला होता. मेजरबाईंनी तो नीट वाचला, छान छापलाय म्हणाल्या, आणि उलटा करून गवतावर अंथरला. त्या दिवशीचा चिवडा आम्ही सगळ्यांनी त्यावर खाल्ला.

मग तिने स्वतःची ओळख करून दिली. उच्चार स्वच्छ, मान ताठ, विराम योग्य जागी. मेजरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. एकही शब्द तिचा नव्हता. स्टीलच्या दुकानात मांडलेल्या भांड्यांसारखे ते शब्द होते, लखलखीत आणि कधीही चुलीवर न चढलेले.

मंडळाच्या लेखी चाचणीत एक शब्द दाखवतात आणि मनात येईल ते वाक्य झटक्यात लिहायचे असते. मेजरबाई तेच तोंडी घेत. त्या म्हणाल्या, "कांदा."

"कांदा आरोग्यास उपयुक्त आहे," सुवर्णा म्हणाली.

कोणीतरी खुसखुसले. मेजरबाई हसल्या नाहीत. "तुझ्या घरी कांद्याने भरलेली चाळ आहे. तुला एवढंच आठवलं?"

 मैदानावर तेव्हा पाखरांचा आवाज होता आणि दूर हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर. मग सुवर्णा बोलली, आणि आवाज बदललेला होता. गावाकडचा, खाली उतरलेला. "चाळीत एखादा कांदा सडायला लागला ना मॅम, तर वरून काय दिसत नाही. आई रोज आत हात घालून बघते. वास घेते. एक सडका राहिला तर शेजारचे सगळे जातात. मी म्हणायचे, कशाला रोज, तर म्हणते, रोज बघितलं तरच रोजचं कळतं."

मेजरबाईंचा अंगठा शिवणीवर गेला. "हे लिहायचं," त्या म्हणाल्या. "तक्त्यातलं नाही. हे."

त्या मैदानावरची सगळ्यात जगावेगळी रीत अजून सांगायची राहिली. लांबची चाल झाली, डोंगर चढून-उतरून मुली परतल्या, की मेजरबाई पाणी पिण्याआधी जमिनीवर मांडी घालून बसत, तळहात पुढे करत आणि म्हणत, "दाखव." मग एकेकीने बूट-मोजे काढून पाय पुढे करायचा. त्या टाच दाबून पाहत, बोटांच्या बेचक्यात पाहत, फोड असेल तर स्वतः पट्टी लावत. नव्या मुली शरमून पाय ओढून घेत. आईच्या वयाच्या बाईने आपल्या पायांना हात लावायचा, हे आपल्याकडे कुणाला सोसणार? पण त्यातून सुटका नव्हती. त्यांच्या प्रशिक्षणातल्या पहिल्या मोठ्या चालीनंतर, मला त्यांनी एकदाच सांगितले, एक मिशाळ, ज्येष्ठ, सगळ्यांना धाकात ठेवणारा अधिकारी त्यांच्यासमोर चिखलात बसला होता आणि त्याने त्यांचा पाय असाच मांडीवर घेतला होता. "तोपर्यंत मला वाटायचं, मी हुकूम द्यायला आले आहे," त्या म्हणाल्या. 

सुवर्णाचे वडील एकदा मैदानावर आले ते नेमके अशाच वेळी. डोक्याला टोपी, हातात कांद्याच्या पातीची जुडी. आपल्या मुलीचा पाय मेजरबाईंच्या मांडीवर पाहून ते जागीच थिजले.

"अहो बाई, हे काय करता? पाप लागंल आम्हाला."

"दादा, चालून आल्यावर बैलाचा खूर बघता ना तुम्ही?"

"बघतो की."

"मग."

"म्हंजे मी बैल का?" सुवर्णा म्हणाली, आणि सगळे मैदान हसले. वडीलही हसले, पण टोपी काढून त्यांनी हातात धरली ती जाईपर्यंत परत घातली नाही. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "म्याडम, लागंल का ओ हिचा नंबर? लय दिस झाले."  मेजरबाईंनी ऐकले होते. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, दादा. पोरगी चांगली आहे. मंडळाला ती दिसली तर होईल. तिने पाठ केलेलं दिसलं तर नाही." खोटा दिलासा त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मंडळीही त्यांच्याकडे त्यासाठी येत नसत.

आणि मग रामशेज. शहराच्या उत्तरेचा तो किल्ला चढायला फार अवघड नाही, पण त्या दिवशी ऊन होते आणि मुलींना पाठीवर ओझी दिलेली होती. सुवर्णा सर्वांच्या पुढे होती. वाट शोधत, सूचना देत, "चला, चला" म्हणत ती वर पोचली तेव्हा बाकीच्या अर्ध्यातच होत्या. खाली उतरतानाही तिचा चेहरा विजयाने तापलेला होता. सगळ्यात शेवटी आली मंदा. पेठ तालुक्यातल्या डोंगरातली, पोलीस भरतीची तयारी करणारी, फार कमी बोलणारी मुलगी. तिने नवे बूट घातले होते.

खाली उतरल्यावर मेजरबाई बसल्या. मंदाने मोजा काढला तर टाचेचे कातडे सोलून निघालेले, मोजा रक्ताने चिकटलेला. "काय नाय, चालंल," मंदा म्हणाली. मेजरबाई जखम धुऊ लागल्या. मंदाचे पाय आपल्या ओढणीआड झाकत त्यांनी मान वर न करता विचारले, "सुवर्णा, कोणता पाय?"

सुवर्णाला सांगता आले नाही. अख्खी वाट मंदा लंगडत होती. मी पायथ्याच्या ओट्यावर बसल्या बसल्या ते पाहिले होते, तिथे चहा विकणाऱ्या बाईनेही पाहिले होते. सुवर्णाने मात्र एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. मेजरबाई रागावल्या नाहीत. पट्टी बांधली, भाकऱ्या वाटल्या, स्वतः सर्वांत शेवटी खाल्ले. पण त्यानंतरच्या प्रत्येक चालीत त्यांनी सुवर्णाला शेवटी ठेवले.

ते तिला फार लागले. एका सकाळी दोर तिथेच टाकून ती मेजरबाईंसमोर उभी राहिली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज पक्का. "मॅम, ही माझी शेवटची वेळ आहे. मला पुढे चालू द्या. मागे राहणारीला तिथे कोण विचारतं?"

"तू मागे राहू नकोस. तू मागून चाल."

"माझ्या घरच्यांनी गावाला सांगितलंय, मॅम."

"मला माहीत आहे," मेजरबाई म्हणाल्या. "म्हणून तर."

सुवर्णा पाठ फिरवून निघून गेली. मला वाटले, ही आता येत नाही. मेजरबाईंनी तिने टाकलेला दोर उचलला, गुंडाळला, कडुनिंबाला टांगला आणि मला म्हणाल्या, आज चहात आले जास्त झालेय. अंगठा मात्र शिवणीवर होता. त्याही घाबरतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुवर्णा हजर होती, आणि न सांगता रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढच्या महिन्यांत तिच्यात काय बदलले ते शब्दांत पकडणे अवघड आहे. ती कमी बोलू लागली. चालीवरून परतल्यावर ती सहज सांगे, की अमुक मुलीच्या पिशवीचा बंद खांद्यात रुततोय. मंदा थकली की गुणगुणते, आणि गुणगुणणे थांबले की तिला बसवायला हवे. पाठीमागून चालताना पाठी वाचता येतात. तिच्या बोलण्यात आता भांड्यांचा लखलखाट उरला नव्हता. धूर लागला होता, पदार्थाचा वास आला होता. मेजरबाईंनी एकदा भुवई उंचावून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही.

ती मंडळापुढे गेली, तेव्हा मेजरबाईंनी तिला फोन करायला मनाई केली होती. परतली ती स्टेशनवरून थेट मैदानावर. बॅग खांद्यावर तशीच. तोंडावर हसू नव्हते, रडू नव्हते. पुष्कळ दूरचे काही ऐकून आल्यासारखा चेहरा. भिंतीवर माझ्याशेजारी बसली आणि सांगू लागली.

गटाच्या अडथळ्यात सगळ्याजणी एकदम ओरडत होत्या. तिने एक युक्ती सुचवली, ती कोणी ऐकलीच नाही. मग ती दोराचे मागचे टोक धरून उभी राहिली आणि एकेकीला पार करत स्वतः शेवटी गेली. तेव्हाच तिला वाटले, गेले सगळे. त्यात शेवटच्या दिवशी पूर्ण मंडळासमोर तिला विचारण्यात आले, इथली राहण्याजेवणाची सोय कशी होती. हा प्रश्न बहुतेकींना विचारतात, आणि त्याचे ठरलेले उत्तर आहे: उत्तम, सर, काही अडचण नाही. प्रत्येक क्लासमध्ये ते घोटून घेतात. सुवर्णालाही पाठ होते.

"आणि मला ते आठवलंच नाही, मॅम. माझ्या शेजारच्या पलंगावर एक मुलगी होती. घाबरून कालपासून जेवली नव्हती, ताटावर बसायची आणि उठायची. मी म्हणाले, सोय चांगली आहे सर, पण आमच्या खोलीतली एक मुलगी जेवलेली नाही. आज निकाल आहे. काहीही लागला तरी तिला गाडीत बसायच्या आधी खायला मिळालं पाहिजे. सगळे माझ्याकडे बघत बसले.  मी बाहेर आले ते रडतच."

"मग?" मी विचारले.

"मग निवडलेल्यांचे क्रमांक पुकारायला आले. एकच पुकारला."

तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मैदानावर सगळ्याजणी थांबल्या होत्या. मंदा दोर हातात धरून उभी होती.

"माझा," सुवर्णा म्हणाली.

गलका उठला. कोणी तिला उचलले, कोणी पिंप बडवू लागले. मेजरबाई जागच्या हलल्या नाहीत. गलका ओसरेपर्यंत थांबल्या आणि त्यांच्या त्या खालच्या आवाजात विचारले, "ती मुलगी जेवली?"

"हो मॅम. मी समोर बसून खायला घातलं, गाडीत बसवलं आणि मगच निघाले."

मेजरबाईंनी मान डोलावली. त्यांचा अंगठा शिवणीवर होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुसऱ्या हाताचाही.

वैद्यकीय तपासणी झाली, अंतिम यादीत नाव आले. सुवर्णा आता लेफ्टनंट आहे. अलीकडेच तिने मला एक छायाचित्र पाठवले. मागे उघडा डोंगर, पुढे तिच्या तुकडीतले जवान रांगेत उभे. सगळे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, ती एकटी रांगेच्या टोकाकडे. ते पाहताना माझा ऊर भरून येतो, आणि ते दाखवायला मेजरबाई समोरच्या घरात नाहीत, हे दर वेळी नव्याने आठवते. सुवर्णा प्रशिक्षणाला गेली त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या थोरल्या बहिणीला कोल्हापुरात अर्धांगवायूचा झटका आला. सुवर्णाला निरोप दिला त्याच रात्री मी परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी गेले होते. परतले तेव्हा ट्रंका गेलेल्या होत्या, आणि मंदाने निरोप सांगितला, की मॅमची तिकडे ड्युटी लागली आहे. दोर त्यांनी मैदानावरच ठेवले. मंदा आता पोलिसात आहे. सुटीच्या पहाटे मुलींना घेऊन ती कडुनिंबाखाली असते, आणि चालीनंतर जमिनीवर मांडी घालून बसते.

त्यामुळे मला झालेले मेजरबाईंचे शेवटचे दर्शन नाशिकरोड स्थानकातले. सुवर्णाला निरोप द्यायला आम्ही सगळे गेलो होतो. तिच्या आईने लाडवांचा डबा धरलेला, वडिलांनी नवी टोपी घातलेली. गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असल्याचे ऐनवेळी समजले आणि सामान घेऊन सगळ्यांची पुलावरून धावपळ झाली. एकदा चढून उतरलो तर तोही फलाट चुकीचा; पुन्हा चढलो. गाडी येऊन उभी राहिली तेव्हा सुवर्णाने वाकून आईवडिलांच्या पायांना हात लावला आणि मेजरबाईंसमोर आली. मिठी नाही, आशीर्वाद नाही. मेजरबाईंनी खाली पाहिले.

"जुनेच घातलेत, मॅम," सुवर्णा म्हणाली. "नवे घरात घालून मऊ करून घेतलेत. बॅगेत आहेत."

"शाब्बास."

एवढेच त्यांचे बोलणे. शिट्टी झाली. सुवर्णा दारात उभी राहिली, तिची नजर आमच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली आणि कपाळाला आठी पडली.

"मंदा कुठंय? मंदा राहिली."

आम्ही वळून पाहिले. धावपळीत कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. पाण्याच्या बाटल्या आणायला गेलेली मंदा पुलाच्या पायऱ्या धापा टाकत उतरत होती. गाडी हलली, मंदा धावली, आणि दारातून वाकलेल्या सुवर्णाने बाटलीऐवजी तिचा हातच क्षणभर घट्ट धरला. मी मेजरबाईंकडे पाहिले. कोण राहिलं, हे आज विचारावे लागले नव्हते. गाडीच्या दारातून कोणीतरी आधीच पाहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत त्या ताठ उभ्या होत्या, अंगठे शिवणीवर. मोठ्या संचलनातसुद्धा कोणी इतक्या अभिमानाने उभे राहत असेल, असे मला वाटत नाही.

फलाट हळूहळू रिकामा झाला. सुवर्णाची आई डोळे पुसत होती, वडील तिला काहीतरी हसरे बोलत होते. मी जरा बाजूला, खांबाला टेकून उभी होते. त्या दिवशी मी नव्या कोल्हापुरी घातल्या होत्या. पुलाच्या दोन खेपांत टाच सोलवटून निघाली होती, पण अशा दिवशी असले काय सांगायचे, म्हणून भार एका पायावर घेऊन गप्प राहिले होते. मी त्यांच्या पलटणीतली नव्हते. मी काठावरची, शब्द ऐकणारी.

मेजरबाई वळल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. चालत आल्या, आणि त्या गजबजलेल्या स्थानकात, माझ्या पुढ्यात, सरळ जमिनीवर मांडी घालून बसल्या. तळहात पुढे केला. मी शरमून पाय मागे घेतला. तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि ऐकण्यासाठी आपले सगळे थांबवावे लागणाऱ्या त्या खालच्या आवाजात म्हणाल्या,

"दाखवा."